पाणी ओसरते, देणे राहते

दरवर्षी पावसाळ्यात देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागात महापूर येतो आणि त्यापाठोपाठ राज्यकर्त्यांचा ठरलेला विधीही पार पडतो. मंत्री हेलिकॉप्टरमधून पाहणी करतात, मृतांच्या वारसांना रक्कम जाहीर होते, धान्याच्या पिशव्या वाटल्या जातात, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. नदी धोक्याच्या रेषेखाली उतरली की सरकारी दप्तरातला पूर संपतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या एका आकड्याकडे लागले होते. पाणी ४५ फुटांखाली गेल्यावर तो आकडा वर्तमानपत्रांतून नाहीसा झाला, आणि त्याबरोबर कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसेही.

परंतु कष्टकऱ्याचा पूर फुटांत मोजला जात नाही. तो मोजला जातो बुडालेल्या रोजात, औषधाच्या दुकानातील उधारीत, सावकाराकडे गेलेल्या दागिन्यात, शाळा सुटलेल्या मुलाच्या वर्षात. राज्ययंत्रणा पाण्याचा हिशोब ठेवते. माणसाच्या देण्याचा ठेवत नाही. पूरनिवारणाच्या साऱ्या धोरणातील मूळ दोष या चुकीच्या मापात आहे, आणि हे माप अजाणतेपणी निवडलेले नाही. पाणी मोजले की जबाबदारी काही दिवसांत संपवता येते. देणे मोजायचे ठरवले तर ती वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

या मापाचा नमुना २०१९ च्या त्याच महापुरात महाराष्ट्राने पाहिला. कोल्हापूर-सांगली भागात चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली असताना राज्य सरकारचा आदेश निघाला, की ज्या भागात किमान दोन दिवस पाणी साचून राहिले असेल तेथील कुटुंबांनाच प्रत्येकी १० किलो गहू व १० किलो तांदूळ मोफत मिळतील. लोकांत संताप उसळला तेव्हा हा निकष जुनाच असल्याचा खुलासा करण्यात आला. खुलासा खरा असेल. पण त्याने सरकारचा बचाव होत नाही, उलट आरोप अधिक गंभीर होतो. एका दिवसात चूल, अंथरूण आणि कणगीतले धान्य वाहून गेलेले कुटुंब भुकेले ठरण्यासाठी आणखी एक दिवस पाण्यात राहिले पाहिजे, ही रीत एका सरकारने चुकून लावलेली नव्हती. ती वर्षानुवर्षे दप्तरात निवांत पडून होती.

रोगाचे वेळापत्रक

प्रथम आरोग्याचा प्रश्न घेऊ. पुराने होणारे मृत्यू म्हणजे बुडून झालेले मृत्यू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बातम्या त्याच मृत्यूंच्या येतात आणि वारसांना मिळणारी रक्कमही प्रामुख्याने त्यांनाच लागू होते. वस्तुतः पुराचा दुसरा घाला शांतपणे, उशिरा आणि घरोघर पडतो.

या रोगांचे वेळापत्रक वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डासांची पैदास होऊन डेंग्यू पसरायलाही तेवढेच दिवस लागतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही उद्भवते. याचा अर्थ उघड आहे. ज्या वेळी मदत छावणी उठते, फिरते दवाखाने परत जातात आणि टँकर बंद होतात, नेमकी तीच वेळ रोगराई सुरू होण्याची असते. सरकारचे घड्याळ पाण्याबरोबर चालते, रोगाचे घड्याळ त्याच्या मागून. आणि या दोहोंमधल्या फटीत सापडतो तो चिखल उपसणारा मजूर, गटारात उतरणारा सफाई कामगार, भिजलेले घर साफ करणारी स्त्री.

स्वतंत्र भारताच्या इतिहासातील एक मोठा धडा राजधानी दिल्लीतच मिळाला होता. १९५५ साली यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राच्या तोंडाशी येऊन पोहोचले. तेच पाणी नळांतून शहरभर गेले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांना या साथीने विशेष ग्रासले. हा रोग आज ‘हेपॅटायटिस ई’ या नावाने ओळखला जाणारा आजार होता, हे शास्त्रज्ञांना पुढे काही दशकांनी निश्चित सांगता आले. पुराचे पाणी ज्यांच्या उंबऱ्याला कधी शिवलेही नव्हते, त्यांच्या घरी हा पूर नळाने पोहोचला. सार्वजनिक आरोग्य म्हणजे गरिबांवर केलेला उपकार असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरता कामा नये.

त्यानंतर सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहराची पाळी आली. तापीच्या पुराचे पाणी ओसरल्यावर झोपडपट्ट्यांतून कचरा, चिखल आणि मेलेली जनावरे पडून राहिली. थोड्याच दिवसांत प्लेगची साथ पसरली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. प्रारंभीचे अनेक रुग्ण वेड रोड परिसरातील होते. यंत्रमागावर राबण्यासाठी खानदेशातून गेलेल्या मराठी मजुरांची तेथे मोठी वस्ती होती. हिरे आणि कृत्रिम धाग्याच्या कापडातून अमाप संपत्ती निर्माण करणाऱ्या या शहराने ती निर्माण करणाऱ्या हातांना गटार आणि पाणी दिले नव्हते. खासगी डॉक्टरांपैकी कित्येकांनी दवाखाने बंद करून शहर सोडले; रुग्णांचा भार सरकारी रुग्णालयाने वाहिला. आरोग्यसेवेचे खासगीकरण म्हणजेच कार्यक्षमता असे सांगणाऱ्यांना सुरतेचे ते दिवस हे पुरेसे उत्तर आहे.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे मान्य केले पाहिजे. परंतु शहराची पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने ब्रिटिश काळात बांधलेली होती. ती सुधारण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ सालीच तयार होता आणि पुढची बारा वर्षे तो बहुतांशी कागदावर राहिला, हेही तेवढेच खरे आहे. मिठी नदीचे पात्र भराव टाकून आवळण्यात आले होते. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरून गेली आणि लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले. गुडघाभर घाण पाण्यातून घरी चालत गेलेल्या कामगाराला त्या दिवसाचे मोल ऑगस्टमध्ये मोजावे लागले.

पंचनाम्यात न बसणारी माणसे

आता आर्थिक बाजू पाहू. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. पंचनामा होतो तो मालमत्तेचा. ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याची शेती बुडाली असे ठरते. ज्याच्या नावावर घर आहे त्याचे घर पडले असे ठरते. परंतु ज्याच्यापाशी दोन हातांखेरीज काही नाही, त्याचे बुडाले काय, याचे उत्तर या कागदावर कुठल्या रकान्यात लिहावे?

२०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या केंद्रीय निकषांनुसार जिरायती पिकाच्या नुकसानीसाठी हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीसाठी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत आणि किमान ३३ टक्के नुकसान झाले असेल तर, अशी तरतूद आहे. बी, खत, मजुरी आणि डिझेल यांचे आजचे भाव पाहता ही रक्कम पेरणीचा खर्चही भरून काढीत नाही. पण निदान ती जमीनमालकाच्या खात्यात जाते. बटाईने जमीन कसणारा, खंडकरी, शेतमजूर यांच्या वाट्याला त्यातले काय येते? बिहारमध्ये डी. बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील जमीन सुधारणा आयोगाने एप्रिल २००८ मध्ये अहवाल देऊन बटाईदारांना कायद्याचे संरक्षण देण्याची शिफारस केली होती. चारच महिन्यांनी, १८ ऑगस्ट २००८ रोजी, नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला आणि सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोक त्यात सापडले. आयोगाच्या शिफारशी राज्य सरकारने बाजूला सारल्या. मालकाच्या नावाने पंचनामा आणि बटाईदाराच्या नावाने कर्ज, ही तेथील रीत पुरानंतरही तशीच राहिली.

कोसीने मागे ठेवलेली वाळू हा दुसरा भाग. पाणी गेले, पण शेतांवर वाळूचे थर उरले. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे पीक घेता आले नाही. एका हंगामाची नुकसानभरपाई आणि अनेक हंगामांचे नुकसान यांचा मेळ बसणार कसा? हाच अनुभव सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने आणि सोलापूर जिल्ह्याने घेतला. सीना आणि इतर नद्यांच्या पुरात नुसते सोयाबीन गेले नाही, जमीनच खरडून गेली. त्याच सुमारास पंजाबमधील शेतांत नदीच्या वाळूचे ढीग पडले होते. कुठे माती वाहून गेली, कुठे वाळू येऊन पडली. दोन्हीकडे शेतकऱ्याचे उत्पादनाचे साधनच नष्ट झाले. आसामात तर ब्रह्मपुत्रा व तिच्या उपनद्यांनी १९५० पासून ४ लाख २७ हजार हेक्टरांहून अधिक जमीन गिळली आहे. राज्याच्या एकूण क्षेत्राच्या सात टक्क्यांहून जास्त भरेल एवढी ही जमीन आहे. तरीही नदीकाठची ही धूप आपत्तींच्या राष्ट्रीय यादीत बराच काळ समाविष्टच नव्हती. गाव नदीत गेले तरी ती आपत्ती नव्हे!

जमिनीबरोबर कागदही जातात. शिधापत्रिका, जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला, कर्ज फेडल्याची पावती हे सारे पत्र्याच्या एका पेटीत असते आणि पेटी पाण्यात जाते. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. जेथे नदी गावेच्या गावे हलवते, तेथे आजोबांच्या काळातील कागद मागणे म्हणजे पुराने केलेल्या नुकसानीवर राज्यसंस्थेने शिक्कामोर्तब करणे होय. इतर राज्यांत हा प्रश्न नागरिकत्वापर्यंत पोहोचत नसला, तरी मदतीच्या रांगेपर्यंत नक्कीच पोहोचतो. मदत मिळण्यासाठी जो कागद लागतो, तोच पुरात गेलेला असतो.

कर्जाचा विळखा

पुरात बुडालेले कुटुंब पहिल्या महिन्यात खाते ते मदतीवर. दुसऱ्या महिन्यापासून ते कर्जावर जगते. भांडीकुंडी, अंथरूण, मुलांची पुस्तके, शिवणयंत्र, हातगाडी हे सारे पुन्हा उभे करायचे असते. बँक तारण मागते, म्हणून सावकार किंवा लघुकर्ज कंपनीचा वसुली कर्मचारी दारात येतो. त्याचा आठवड्याचा हप्ता पुरासाठी थांबत नाही. शेतमजूर मुकादमाकडून ऊसतोडणीची उचल घेतो आणि पुढच्या हंगामातील आपली मेहनत आजच विकून टाकतो. यंत्रमाग बंद पडला की मालकाला विम्याची तरी आशा असते. कांड्या भरणाऱ्या स्त्रीला त्या बंद दिवसांचा रोज कोणी देत नाही. नैसर्गिक आपत्तीचे रूपांतर अशा रीतीने वेठबिगारीत होते, आणि ही प्रक्रिया इतकी नेहमीची झाली आहे की तिची बातमीही होत नाही.

या टप्प्यावर तरी कायदा कष्टकऱ्याच्या बाजूने उभा राहील, अशी अपेक्षा होती. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात छावणीतील निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांची किमान पातळी ठरवण्याची आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य देण्याची तरतूद होती. १३ व्या कलमात त्याहून महत्त्वाची गोष्ट होती. तीव्र आपत्तीत बाधितांना कर्जफेडीत सवलत द्यावी किंवा सोप्या अटींवर नवे कर्ज द्यावे, अशी शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला तेथे देण्यात आला होता. ३० जुलै २०२४ रोजी वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे अतिवृष्टीने कोसळलेल्या दरडीखाली गाडली गेली. जे वाचले त्यांच्या खात्यात सरकारी मदतीचे पैसे आले, तेव्हा एका बँकेने त्यांतून कर्जाचे हप्ते कापून घेतले. लोकांचा क्षोभ झाल्यावरच ते परत करण्यात आले. पुढे दरडग्रस्तांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात गेला. तोवर २०२५ च्या दुरुस्तीने हे १३ वे कलमच कायद्यातून काढून टाकण्यात आले होते, आणि केंद्र सरकारने न्यायालयात तेच कारण पुढे केले. अधिकार मागायला माणसे दारात उभी असताना दारच भिंतीत बुजवून टाकण्याचा हा प्रकार आहे.

हेच सरकार बड्या कर्जदारांशी कसे वागते? २०२३ साली संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटी रुपयांची थकीत कर्जे निर्लेखित केली. त्यांपैकी ७ लाख ४० हजार कोटींची कर्जे मोठे उद्योग व सेवा क्षेत्रातील होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असा खुलासा अर्थखाते करते. ठीक आहे. मग तेवढी सवड, तेवढा संयम आणि दारात वसुली कर्मचारी न पाठवण्याचे तेवढेच सौजन्य, घर वाहून गेलेल्या स्त्रीच्या तीस-चाळीस हजारांच्या कर्जाला का मिळू नये?

मनावरचा ओरखडा

देहाचे आणि पैशाचे नुकसान निदान दिसते. मनाचे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ज्यांनी घरात पाणी चढताना रात्र छपरावर काढली, त्यांची झोप पुढच्या प्रत्येक पावसात उडते. १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळात समुद्र गावांत घुसला होता. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांनी तेथील किशोरवयीन मुलांची पाहणी केली तेव्हा त्यांच्यात भीती, नैराश्य आणि आघाताची लक्षणे दीर्घकाळ टिकून असल्याचे आढळले. यात अचंबा वाटण्यासारखे काही नाही. अचंबा वाटावा तो या गोष्टीचा, की एवढे ज्ञान असूनही मानसिक आरोग्यसेवा ही बहुतेक राज्यांच्या पूरमदतीत आजही शेवटच्या ओळीतील बाब आहे.

छावणीतील जीवन या ओरखड्यात भर घालते. एका शाळेत शेकडो माणसे, मोजकी शौचालये, आडोशाचा अभाव. स्त्रिया आणि मुली रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून पाणी पिणेच कमी करतात. म्हाताऱ्यांची रक्तदाब-मधुमेहाची औषधे तुटतात. शाळेतच छावणी असल्याने शाळा बंद राहते, आणि घरात पैसा नसल्याने ती उघडल्यावरही एखादे मूल परत जात नाही. चिंता, अपमान आणि उद्याची अनिश्चितता यांतून घरात भांडणे, व्यसने वाढतात. वर्तमानपत्रे याला ‘जनजीवन पूर्वपदावर’ असे म्हणतात.

निसर्गाच्या नावावर

या साऱ्याचे खापर निसर्गावर फोडून राज्यकर्ते मोकळे होऊ पाहतात. पाऊस कोणी पाडत नाही, हे खरे. तापमानवाढीमुळे थोड्या वेळात प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढले आहेत, हेही खरे. परंतु पाणी कुठे तुंबायचे आणि कोणाच्या घरात शिरायचे, हे बव्हंशी माणसेच ठरवतात. कोसीचा बांध फुटला त्या दिवशी नदीत साधारण १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी होते. बांध रचला होता तो साडेनऊ लाख क्युसेकसाठी. म्हणजे नदी असामान्य नव्हती. देखभाल असामान्यपणे वाईट होती. बिहारमध्ये १९५४ साली सुमारे १६० किलोमीटर बांध होते. पुढे त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली, आणि याच काळात पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून जवळपास ६९ लाख हेक्टरांवर गेले. अभियंते दिनेश कुमार मिश्र यांनी ही विसंगती आयुष्यभर मांडली. बांध वाढले, कंत्राटे वाढली, पूरही वाढला. राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० साली आपला अहवाल दिला, देशातील ४ कोटी हेक्टर जमीन पूरप्रवण असल्याचे सांगितले; त्यातील शिफारशींचा मोठा भाग अजूनही अंमलबजावणीची वाट पाहत आहे. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली दिलेल्या इशाऱ्यांकडे घाटाच्या सहाही राज्यांतील सरकारांनी पाठ फिरवली. यात कोणत्याही पक्षाला अपवाद म्हणता येणार नाही.

नदीकाठची, नाल्यालगतची, उताराखालची जमीन स्वस्त असते, म्हणून गरीब तेथे राहतो. त्याने ‘अतिक्रमण’ केले म्हणून पूर आला, असे नंतर सांगितले जाते. पण शहरात राबायला तो हवा आणि राहायला त्याला जागा नको, ही व्यवस्था ज्यांनी निर्माण केली, खाडी आणि नदीपात्रावर भराव टाकून ज्यांनी इमारती उठवल्या, त्यांच्याकडे बोट दाखवले जात नाही.

दुसरा मार्ग आहे

हे सारे अटळ आहे काय? अनुभव सांगतो की नाही. १९७८ साली पश्चिम बंगालमध्ये जूनमध्ये पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि सप्टेंबरमध्ये भीषण पूर आला. नव्याने निवडून आलेल्या, बहुतांशी गरीब शेतकऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या पंचायतींवर मदतीचे व पुनर्वसनाचे काम सोपवण्यात आले. कामाच्या बदल्यात धान्य देऊन रस्ते, बांध, तळी उभारली गेली. कोणाचे काय गेले, हे गावाला माहीत असते. यादी गावाने केली की बटाईदारही तीत येतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात शतकातील मोठा पूर आला. किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत गेले आणि त्यांनी हजारो माणसे वाचवली. पाणी ओसरताच आरोग्य खात्याने चिखल साफ करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या. मृत्यू पूर्णपणे टळले नाहीत, पण रोगाच्या वेळापत्रकाआधी तेथील यंत्रणा दारात पोहोचली होती. समुपदेशकांची पथके घरोघर पाठवण्यात आली. कुटुंबश्रीच्या स्त्रीगटांमार्फत घरगुती वस्तू घेण्यासाठी एक लाख रुपयांपर्यंतचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले, म्हणजे सावकाराच्या आधी सार्वजनिक पतपुरवठा पोहोचला. आणि सुरतेनेही १९९४ नंतर कचरा, गटारे व आरोग्य केंद्रे यांवर लक्ष देऊन स्वतःचे रूप पालटले. निधी आणि इच्छा असली की सार्वजनिक यंत्रणा काम करते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत :

१) मदतीचे माप पाण्याच्या दिवसांवर नव्हे, बुडालेल्या रोजावर आणि साधनांवर ठरवावे. शेतमजूर, बटाईदार, खंडकरी, यंत्रमाग व बांधकाम कामगार, फेरीवाले, घरकामगार यांच्या नावाने स्वतंत्र पंचनामा व्हावा.

२) पाणी ओसरल्यानंतर किमान तीन महिने पूरग्रस्त भागात शुद्ध पाणी, फिरते दवाखाने, प्रतिबंधक औषधे आणि मानसोपचार मोफत चालू ठेवावेत. सफाई कामगारांना बूट, हातमोजे व औषध देणे बंधनकारक करावे.

३) आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून काढलेले १३ वे कलम परत आणावे, मदतीच्या रकमेतून हप्ता कापणे दंडनीय ठरवावे, पूरग्रस्त भागात लघुकर्जाची व सावकारी कर्जाची वसुली वर्षभर थांबवावी.

४) नष्ट झालेली कागदपत्रे विनाशुल्क आणि गावातच द्यावीत, कागद नाही म्हणून कोणालाही मदत नाकारू नये.

५) मदतीच्या याद्या ग्रामसभेत व वॉर्डसभेत जाहीर वाचाव्यात. बांध, धरणे व नाले यांच्या देखभालीचा हिशोब दरवर्षी मेअखेर लोकांपुढे ठेवावा.

या मागण्या कोणत्याही सरकारच्या ऐपतीबाहेरच्या नाहीत. त्या आपोआप मान्य होणार नाहीत, हेही तितकेच खरे. दोन दिवसांच्या पाण्याची ती अट चव्हाट्यावर आली ती लोक बोलले म्हणून; कापलेले हप्ते परत मिळाले ते लोक उठले म्हणून. किसान सभा, कामगार संघटना, महिला व युवक संघटना यांनी पुराच्या दिवसांत अन्न आणि कपडे पोहोचवणे हे कर्तव्यच आहे. परंतु त्यांचे खरे काम छावणी उठल्यावर सुरू होते. प्रत्येक वस्तीत कोणाला ताप आला, कोणाचा रोज बुडाला, कोणी किती व्याजाने पैसे काढले, कोणते मूल शाळेत परतले नाही, याची नोंद संघटनेच्या वहीत झाली पाहिजे. सरकार पाण्याची पातळी लिहून ठेवते. जनतेने आपल्या देण्याची वही लिहावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे. पुढचा पावसाळा येईपर्यंत या वहीतील एकेक ओळ वसूल करणे, हाच पूरग्रस्तांना दिलेला खरा दिलासा ठरेल.